तिसरी पायरी : बॅनर आणि वितरक ठरवतानाच्या नोंदी

४ मार्च

महोत्सवाचा अर्ज भरायला बसलो. लांबी ९६ मिनिटं, रंगीत, स्कोप (म्हणजे जास्त रुंद चौकट), सेकंदाला २४ फ्रेम, सगळं पटापट भरलं. मग दोन रकाने आले : 'निर्मिती संस्था' आणि 'वितरक'. पहिल्यात आजवर जिथे तिथे माझंच नाव टाकून वेळ मारून नेली आहे. दुसऱ्यात टाकायला काहीच नाही. ताई म्हणाली, "सध्या दोन्हीकडे रेघ मार." (ताई म्हणजे आमची दिग्दर्शिका. माझ्यापेक्षा लहान आहे, पण सेटवर सगळेच ताई म्हणतात, म्हणून मीही.) रेघ मारली, तर अर्ज पुढे सरकेना.

म्हणून आजपासून ही वही. संकलन जवळपास पक्कं झालंय, आता या दोन रकान्यांचंच काम उरलंय अशी माझी समजूत आहे.

नंतर संदर्भ लागेल म्हणून चित्रपटाबद्दल एवढंच लिहून ठेवतो : नायिका ध्वनिमुद्रणं ऐकून मजकूर टाइप करून देण्याचं काम करते. एका रात्री अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलमध्ये तिला पायऱ्या चढण्याचा आवाज येतो, आणि त्यात तिच्या स्वतःच्या घराच्या जिन्याची तिसरी पायरी करकरते. पुढचं इथे नको.

७ मार्च

बॅनरच्या, म्हणजे निर्मिती संस्थेच्या, नावांची बैठक. फळ्यावर ३१ नावं, त्यातल्या निम्म्यांत काळ, रात्र, सावली किंवा रक्त. थरारपट करणाऱ्याला वाटतं, बॅनरनेही दात दाखवले पाहिजेत. पण बॅनर एका चित्रपटापुरता नसतो. उद्या ताईने निवांत कौटुंबिक गोष्ट केली तर तिच्या आधी 'रक्तरेषा' कशी झळकवणार?

भीतीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या ब्रिटनच्या हॅमर फिल्म्सची गोष्ट मी सांगितली. कंपनी १९३४ची. संस्थापकांपैकी विल्यम हाइंड्स रंगमंचावर 'विल हॅमर' या नावाने काम करायचे, तेच नाव कंपनीला दिलं. हातोडा, घाव, यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. भीती नंतर चित्रपटांनी भरली. १९८३मध्ये सुरू झालेल्या वर्किंग टायटल या निर्मिती कंपनीने तर 'कामचलाऊ नाव' हेच कायमचं नाव करून टाकलं. तेव्हा नावात अर्थ कोंबण्याची घाई नको, एवढं सगळ्यांना पटलं. तरी फळ्यावरचं 'रक्तरेषा' पुसायला कोणी उठलं नाही.

शेवटपर्यंत टिकलेलं नाव 'अडसर'. दाराला आतून लावायचा आडवा दांडा. शब्द देखणा, चित्रही देखणं. पण संकलकदादा म्हणाले, "अडसर प्रस्तुत चित्रपट अडकला, अशी बातमी लिहायला किती सोपं जाईल!" सगळे हसले आणि नाव तिथेच मेलं. शिवाय रोमन लिपीत लिहिल्यावर परका माणूस ते 'अ‍ॅड, सर' असं वाचतो. फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला नीट लिहिता आलं पाहिजे, ही कसोटी आजपासून पक्की.

१० मार्च

नाव सापडलं, म्हणजे घरातच पडलेलं होतं.

आमच्या ध्वनीवाल्याच्या संगणकावर मिश्रणाचा आराखडा बघत होतो. एका पट्टीला त्याने जानेवारीतच नाव देऊन ठेवलेलं : 'तिसरी पायरी'. करकरण्याचे सगळे तुकडे त्या पट्टीत. ताईने ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. "तिसरी पायरी प्रस्तुत." कोणी काही बोललं नाही, हीच पसंती.

मी लगेच फोनची कसोटी लावली. भावाला विचारलं, काय ऐकू आलं? तो म्हणाला, "तिसरी घंटा." नाटकवेड्या माणसाकडून दुसरं काय ऐकायला मिळणार! पण तेही वाईट नाही. तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडतो हे ज्याच्या कानात मुरलंय, त्याच्या पाठीचा कणा 'तिसरी' शब्दालाच ताठ होतो.

१५ मार्च

नाव मोकळं आहे का ते तपासलं. वकीलकाकांनी एक गोष्ट दोनदा बजावली : कंपनी म्हणून नाव नोंदवणं आणि ते व्यापारचिन्ह म्हणून राखणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मनोरंजन सेवा आणि चित्रपटनिर्मिती ४१व्या वर्गात येते, रेकॉर्ड केलेला किंवा डाउनलोड करायचा दृक्‌श्राव्य माल ९व्या. दोन्हींत अर्ज टाकायचं ठरलं.

२१ मार्च

बॅनरच्या लोगोची पहिली चलचित्र आवृत्ती पाहिली. २२ सेकंद. काळोख, धूर, लुकलुकणारा दिवा, दाराची फट, व्हायोलिनचा चिरका सूर, दार धाडकन बंद आणि मग धातूची अक्षरं. आमच्या आजवरच्या सगळ्या आवडी एका पातेल्यात.

संपल्यावर ताई म्हणाली, "छान आहे. पिक्चर कधी सुरू होणार?"

दिव्याबद्दल एक नोंद. लुकलुकणं सेकंदाला सात-आठ वेळा होत होतं. प्रकाशाच्या झपझपीने ज्यांना झटके येऊ शकतात अशा प्रेक्षकांसाठी सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, ही सर्रास पाळली जाणारी मर्यादा. आम्ही ती गमतीगमतीत ओलांडली होती. हे आता कळलं ते बरं झालं. मूळ चित्रपटातला ट्यूबलाइटचा प्रसंगही याच चाळणीतून काढायला हवा.

२४ मार्च

आज एक खेळ केला. जुन्या-नव्या कंपन्यांचे लोगो लावायचे, पण डोळे मिटून. एमजीएमचा सिंह १९२४पासून पडद्यावर आहे, पण त्याची डरकाळी ऐकू यायला १९२८ उजाडलं. आज डरकाळीशिवाय तो सिंह डोळ्यांसमोर येतच नाही. फॉक्सचे ढोल-ताशे अल्फ्रेड न्यूमन यांनी १९३३मध्ये रचले, ट्वेंटिएथ सेंचुरी आणि फॉक्स या दोन कंपन्या एक होण्याच्याही आधी. त्यानंतर कंपनीचं नाव बदललं, मालक बदलले, सूर तोच राहिला. चित्रपटगृहांच्या ध्वनीचा दर्जा प्रमाणित करणाऱ्या टीएचएक्सचा तो छातीत घुमणारा नाद १९८३चा. जेम्स मूरर यांनी संगणकावर तीसेक आवाज सुटे, भरकटलेले सोडले आणि हळूहळू एकाच भव्य सुरावटीवर आणून बसवले. गंमत म्हणजे त्या नादात चाल अशी काही नाहीच, नुसता गोंधळ सरळ होत जातो आणि आपण खुर्चीत सावरून बसतो.

मग संकलकदादांनी १९२९ सालच्या प्रभातचा लोगो लावला, ती तुतारी फुंकणारी. या वेळी डोळे कोणीच मिटले नाहीत. काही चित्रं कानाआधी डोळ्यांत जाऊन बसलेली असतात. आर. के.चं चिन्हही तसंच, १९४९च्या 'बरसात'मधल्या एका क्षणातून उचललेलं : एका हातात व्हायोलिन, दुसऱ्यावर रेललेली नायिका. एका चित्रपटातली चौकट पुढे अख्ख्या बॅनरची खूण झाली. म्हणजे आपणही आपल्याच चित्रपटातून काहीतरी उचलायला हरकत नाही.

ठरलं : सात सेकंद, म्हणजे १६८ फ्रेम. काळ्या पडद्यावर दोन पावलं, तिसऱ्याला करकर, आणि नाव. धूर नको, दिवा नको, व्हायोलिन तर नकोच नको.

२ एप्रिल

करकर. दिवसभर फक्त करकर.

ज्या घरात चित्रीकरण झालं त्याचा जिना सिमेंटचा. म्हणजे चित्रपटातली पायरी मुळात करकरलेलीच नाही, तिचा आवाज ध्वनीवाल्याने बनवला. आज तो कसा बनला ते पहिल्यांदा नीट पाहिलं. लाकूड खिळ्यावर घासताना सलग सरकत नाही. अडकतं, ताण साठतो, सुटतं, पुन्हा अडकतं. सेकंदात शेकडो वेळा. त्या अडकण्या-सुटण्यालाच आपण करकर म्हणतो. म्हणून हळू पाय दिला की आवाज लांबतो आणि खालच्या पट्टीत जातो, झटकन दिला की नुसतं 'टक्' होतं.

त्याने जुन्या खुर्चीची मागची पट्टी दोन्ही हातांनी पिळली. मग कातडी पट्टा दुमडून चिमटीत आवळला. मग ओल्या लाकडी फळीवर गुडघा टेकून अंगाचा भार एकदम न टाकता, थेंबाथेंबाने टाकावा तसा टाकला. तिसरा आवाज अंगावर काटा आणणारा. खुर्चीचा कोरडा चरचराट वर, फळीचा पोटातला आवाज खाली, पट्टा मध्ये किंचित. तीन थर एकावर एक, आणि एकाच वेळी नव्हे, दोन-दोन फ्रेमच्या फरकाने. एकाच वेळी लावले तर दाराची बिजागरी वाटते.

त्याला म्हटलं, चित्रपटातला आणि लोगोतला आवाज एकच ठेवू, वेगळी मेहनत कशाला. तो 'बरं' म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

९ एप्रिल

स्थिर चिन्ह ठरलं. एकावर एक तीन आडव्या रेघा, त्यातली एक मधोमध किंचित खचलेली. फोनच्या पडद्यावर नखाएवढं केलं तरी खचलेपण दिसतं, पोस्टरच्या तळातल्या श्रेयनामावलीच्या गर्दीतही ओळखू येतं. रंग नाही. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं.

खचलेली रेघ कुठली, वरची की खालची, यावर पाऊण तास वाद. खालून चढणारा खालून मोजतो, घरात राहणारा वरून उतरताना वरून मोजतो. दोघांची तिसरी पायरी वेगळी! ताईने मिटवलं : "येणारा मोजतोय. खालून." म्हणजे सगळ्यात वरची रेघ.

अक्षरांसाठी निवडलेला फाँट फुकट मिळाला होता, पण परवान्यात बारीक अक्षरांत 'फक्त वैयक्तिक वापरासाठी'. बदलला.

१८ एप्रिल

लोगो चित्रपटाला जोडून पाहिला आणि तिसरी पायरीच गायब.

झालं असं की लोगो १९२० गुणिले १०८० या चौकटीत बनवलेला. आपला चित्रपट स्कोप, २.३९ : १. तेवढ्या रुंदीत उंची उरते ८०४ ओळींची. वरच्या १३८ आणि खालच्या १३८ ओळी काळ्या पट्ट्यांनी खाल्ल्या. वरची रेघ नेमकी त्यात. पडद्यावर दोन सरळ रेघा आणि खाली नाव. ताई म्हणाली, "समांतर रेषा प्रस्तुत."

डिजिटल सिनेमासाठी स्कोपची चौकट २०४८ गुणिले ८५८ असते. तिथूनच सुरुवात करायला हवी होती. भरीस भर म्हणून चलचित्र सेकंदाला ३० फ्रेमने बनलेलं, ते २४मध्ये ओढल्यावर खचणारी रेघ खचत नाही, ठेचकाळते. पुन्हा पहिल्यापासून. हे माझं चुकलं, कागदावर मापं लिहून द्यायचं काम माझं होतं.

२२ एप्रिल

वितरकांकडे वळतो. इतके दिवस टाळलं, कारण लोगो करायला मजा येते आणि करारनामे वाचायला येत नाही.

ताईला एकदा सगळं मांडून दाखवलं. निर्मिती, वितरण, प्रदर्शन ही तीन वेगळी पोटं आहेत. अमेरिकेत मोठ्या स्टुडिओंकडे एकेकाळी तिन्ही होती. १९४८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात तो पकडीचा धंदा बेकायदा ठरवला आणि स्टुडिओंना चित्रपटगृहं विकावी लागली. ती बंधनं २०२०मध्ये उठली, पण तीन पोटांचं गणित राहिलंच. तिकिटाच्या पैशातून आधी चित्रपटगृहाचा वाटा, मग वितरकाचा, मग आपला. आपण रांगेत शेवटी.

वितरक म्हणजे नुसता पोचवणारा नाही. कुठल्या आठवड्यात, किती पडद्यांवर, कोणत्या चित्रपटासमोर, कोणता ट्रेलर, हे तो ठरवतो. थरारपटांपुरतं बोलायचं तर 'सॉ'चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. १८ दिवसांत चित्रित झालेला चित्रपट. जानेवारी २००४मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला जाण्याच्या सुमारासच लायन्सगेटने घेतला आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला लावला, भुताखेतांच्या हॅलोवीन सणाच्या तोंडावर. चित्रपट तोच, पण तो मार्चमध्ये लागला असता तर? वेळ साधणं ही वितरकाची कला.

तीन जणांशी बोलणं सुरू करायचं. नावं या वहीत लिहीत नाही. 'मोठे', 'मंचवाले' आणि 'छोटे'.

३० एप्रिल

चाळीस जणांसमोर पहिलं चाचणी प्रदर्शन. लोगोसकट.

सुरुवात उत्तम. दोन पावलं, करकर, एक बाई दचकली. आम्ही मागच्या रांगेत एकमेकांना कोपरं मारली.

एकतिसाव्या मिनिटाला तो प्रसंग आला. नायिका हेडफोन लावून बसलेली, अनोळखी फाइल, पावलं, आणि तिच्या जिन्याची करकर. अख्खा चित्रपट ज्या क्षणावर तोललाय तो क्षण. आणि चौथ्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे, कंपनीचा लोगो!" आजूबाजूचे खुदखुदले. एवढंच. पण नंतरची दहा मिनिटं ते प्रेक्षक आमचे नव्हते.

ध्वनीवाला काही बोलला नाही. 'मी म्हणालो होतो' असंही म्हणाला नाही, कारण तो म्हणालाच नव्हता, त्याचा फक्त चेहरा पडला होता.

१ मे

रात्री दीडपर्यंत बैठक. तीन बाजू.

मी : नाव बदलू, चिन्ह बदलू. ताई : लोगोतली करकर ठेवू, चित्रपटातली बदलू. (हे ती रागाने म्हणाली.) संकलकदादा : लोगो चित्रपटाच्या शेवटी टाकू. त्यांचं बरोबर होतं, पण मग पहिली काळी चौकट कोणाची? पुढच्या चित्रपटाला लोगो परत पुढे न्यायचा का? लोगो म्हणजे काही कॅलेंडर नाही, दर वर्षी वेगळ्या भिंतीवर टांगायला.

ध्वनीवाला शेवटी बोलला. "तिसरी वाजवूच नका."

चित्र तेच. पहिली रेघ उजळते, पाऊल. दुसरी उजळते, पाऊल. तिसरी उजळते, खचते, आणि काहीच नाही. नाव. काळोख. कान तिसऱ्या आवाजासाठी पुढे गेलेला असतो, तो तसाच पुढे राहतो. आणि एकतिसाव्या मिनिटाला जेव्हा पायरी खरंच वाजते, तेव्हा ते उसनं वाजणं फेडलं जातं.

लगेच लावून पाहिलं. मी म्हटलं, आवाज पूर्ण शून्य कर. तो म्हणाला, शून्य नाही करायचा. पूर्ण शून्यात प्रेक्षकाला सभागृहाचं वातानुकूलन ऐकू येतं आणि वाटतं, यंत्र बिघडलं. त्याने रिकाम्या जिन्याची नुसती हवा मुद्रित करून ठेवली होती, ती अगदी दबक्या पातळीवर खाली सोडली. माणूस नाही, पण जागा आहे, असं ऐकू येतं.

ताई दोन मिनिटांनी म्हणाली, "श्रेयनामावलीत तुझं नाव एक ओळ वर घेऊ."

१४ मे

'मोठ्यां'शी बैठक. दालन भव्य, माणसं सभ्य. चित्रपट आवडला. बारा वर्षांसाठी जगभरचे सगळे हक्क हवेत : चित्रपटगृह, टीव्ही, ऑनलाइन, विमानातले पडदे, पुढे जे शोध लागतील तेही. किमान हमी (एमजी), म्हणजे चित्रपट चालो न चालो मिळणारी आगाऊ रक्कम, देतील, छोटीशी. लोगोबद्दल : "तुमचा शेवटी टाकू, सुरुवातीला आमचा पुरे."

घरी येईपर्यंत मी त्यांच्याच बाजूने होतो, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. आधी कोणाचा लोगो येतो यावर प्रेक्षक चित्रपटाची पत ठरवतो, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

मग वकीलकाकांनी कागदावर शंभराची बेरीज-वजाबाकी करून दाखवली. ती जशीच्या तशी उतरवतो. तिकीटबारीवर शंभर आले. समजा चित्रपटगृहाने निम्मे ठेवले. उरले पन्नास. 'मोठ्यां'च्या मसुद्यात कमिशन आधी : पंचवीस टक्के, म्हणजे साडेबारा. उरले साडेसदतीस. मग प्रसिद्धी आणि प्रतींचा खर्च चाळीस. आपण उणे अडीचमध्ये. तेच आकडे, पण खर्च आधी आणि कमिशन नंतर असं लिहिलं तर? पन्नासातून चाळीस गेले, दहा उरले, त्यावर पंचवीस टक्के अडीच, आपल्या हातात साडेसात. दोन वाक्यांचा क्रम बदलला की साडेसातचे उणे अडीच होतात. आणि खर्च चाळीसच का? मसुद्यात कमाल मर्यादाच नव्हती. वर एका प्रदेशातला तोटा दुसऱ्या प्रदेशाच्या नफ्यातून वळता करण्याचं कलम, तेही सहज वाचताना डोळ्यांतून निसटेल अशा जागी.

२० मे

'मंचवाले' थेट ऑनलाइन. एकरकमी देऊन मोकळे होणार, हिशेबाची भानगड नाही. मोह पडावा असंच. पण चित्रपटगृह अजिबात नाही, आणि सुरुवातीची पहिली पाच मिनिटं 'वेगवान' करून मागतात. लोगो काढून थेट पहिल्या प्रसंगावर यायचं, कारण प्रेक्षक पहिल्या मिनिटात निघून जातो. असेलही. पण आवाजावर चालणारा चित्रपट बसच्या गोंगाटात कानात इअरफोन घालून बघितला जाणार असेल, तर आधी एकदा तरी अंधाऱ्या सभागृहात तो ऐकवायला हवा. नंतर खुशाल जाऊ दे.

५ जून

'छोटे'. चार माणसांचं कार्यालय, वर्षाला पाच चित्रपट. एमजी नाही, एक पैसाही आगाऊ नाही. मी निम्मा उठलोच होतो.

पण हक्क पाच वर्षं. खर्चाला कमाल मर्यादा, तिच्यावर जायचं तर आमची लेखी संमती. खर्च आधी, कमिशन नंतर. दर तिमाहीला हिशेब, आणि आम्हाला वह्या तपासून घ्यायचा हक्क. बारा महिन्यांत चित्रपट लागला नाही तर हक्क आपोआप परत.

त्यांच्या प्रमुखांनी चित्रपट दोनदा पाहिला होता. म्हणाले, "एक अडचण आहे. तुमच्या आधी आमचा लोगो येतो. त्याच्या शेवटी झांज वाजते आणि तीन सेकंद घुमत राहते. ती तुमची दोन पावलं खाईल." मी गप्प. ते पुढे म्हणाले, "तुमच्या चित्रपटापुरती झांज काढू. आधी काळोख किती हवा ते तुमच्या ध्वनीवाल्याला विचारून सांगा."

याला आधार आहे, मोठ्या कंपन्याही हे करतात. १९९९च्या 'द मॅट्रिक्स'साठी वॉर्नर ब्रदर्सची सोनेरी-निळी ढाल हिरवी झाली होती. पण तिथे ते दिग्दर्शकांच्या आग्रहाखातर झालं असेल की कशाने, इथे वितरकाला स्वतःलाच खटकलं होतं. परतताना ताई म्हणाली, "तो माणूस ऐकतो." आमच्या चित्रपटाला ऐकणाराच माणूस हवा.

१२ जून

भावनेच्या भरात सही नको म्हणून 'छोट्यां'नी आधी लावलेल्या चित्रपटांच्या तीन निर्मात्यांना फोन केले. एकच प्रश्न विचारला : हिशेबाचं पत्रक न मागता आलं का? दोघे लगेच हो म्हणाले. तिसरे म्हणाले, एकदा आठवण करावी लागली, पण आलं, आणि बेरीज बरोबर होती. पैसे किती मिळाले हे मी विचारलं नाही. ते चित्रपटावरही असतं. पत्रक येणं-न येणं मात्र पूर्ण वितरकावर.

१८ जून

वाटाघाटीत एक गोष्ट आम्ही सोडली : ट्रेलरवर शेवटचा शब्द त्यांचा. एक मिळवली : ट्रेलरमध्ये करकर वापरायची नाही. हे कलम वाचून त्यांचे वकील बराच वेळ कागदाकडे बघत होते. शेवटी कलमात लिहिलं, 'चित्रपटाच्या एकतिसाव्या मिनिटातील जिन्याचा ध्वनी.'

२१ जून

सही झाली. महोत्सवाच्या अर्जाची मुदत केव्हाच गेली होती, पण मसुदा अजून संगणकात होता. उघडून दोन्ही रकाने भरले आणि फाइल मिटली.

२ जुलै

सुपूर्द करायच्या वस्तूंची यादी लांबलचक. डीसीपी (चित्रपटगृहात लावायची डिजिटल प्रत), संवादांशिवायचा संगीत-परिणामांचा वेगळा पट्टा, उपशीर्षकं, प्रत्येक संगीत तुकड्याचा परवाना, कथेपासून चित्रपटापर्यंत हक्कांची साखळी दाखवणारी कागदपत्रं. साखळीत एक कडी कमी निघाली : पोस्टरसाठी वापरलेल्या छायाचित्राची लेखी परवानगी. छायाचित्रकार मित्रच, पण मैत्री कागदावर नव्हती. आता आहे.

लोगोंचा क्रम पक्का : 'छोट्यां'चा, झांजेविना. मग ३६ फ्रेम काळोख, म्हणजे दीड सेकंद. ध्वनीवाल्याने दोन मागितले होते, संकलकदादांनी एक. मग आमचा.

१९ जुलै

डीसीपी तपासणीला गेलं. बाहेरची प्रयोगशाळा, माणसं आम्हाला ओळखत नाहीत, तेच बरं.

२३ जुलै

तपासणीचा अहवाल आला. नापास. रंग ठीक, उपशीर्षकं ठीक, ध्वनीच्या सहाही वाहिन्या ठीक. एकच शेरा, लाल अक्षरांत : 'निर्मिती संस्थेच्या लोगोत तिसऱ्या पावलाचा आवाज नाही. मिश्रणात सुटला असावा. दुरुस्त करून पुन्हा पाठवा.'

अहवाल ध्वनीवाल्याला दाखवला. त्याने दोनदा वाचला, त्याचा फोटो काढून घेतला. मग उत्तर त्यानेच टाइप केलं, "सुटलेला नाही. तसाच ठेवायचा आहे." खाली ताईने आणि मी सह्या केल्या.

२५ जुलै

पास.